शेवटच्या नळाचं पाणी : पूर, ऊन आणि सरकारकडं नेमकं काय मागायचं

शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावातून एका ताईंनी विचारलंय. त्या पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आल्यात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : "हवामान बदलामुळं रोगराई वाढणार असं सगळीकडं वाचतो. सरकारचे त्यासाठी आराखडे आहेत म्हणतात. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा बोट आली, शिधा आला, आराखडा मात्र कुठं दिसला नाही. सरकार खरंच काही करतं का? माझ्यासारख्या सदस्यानं कुणाकडं, कधी आणि काय मागायचं? आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या पुरानंतरच्या तापाच्या) गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात का?"

ताई, मी या कोल्हापूर जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याच्या कामात तीसेक वर्षं काढली. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो, नंतर तालुक्याच्या पातळीवर काम केलं. त्यातली बरीच वर्षं करवीर आणि शिरोळमध्ये गेली. खाली लिहितोय ते याच अनुभवातून.

आराखडा आहे का, याचं उत्तर सोपं आहे : आहे. केंद्राचा हवामान बदलाचा राष्ट्रीय आराखडा २००८ सालचा. त्यातल्या आठ मोहिमांमध्ये आरोग्याची स्वतंत्र मोहीम नव्हती. २०१९ पासून केंद्रानं हवामान बदल आणि मानवी आरोग्य असा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडून चालतो. त्याखाली राज्याचा आराखडा, जिल्ह्याचा आराखडा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि एक नोडल अधिकारी अशी रचना आहे. शिवाय २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं आलेली यंत्रणा वेगळी. म्हणजे कागद आहेत, माणसं नेमलेली आहेत. तुम्हाला पडलेला खरा प्रश्न वेगळा आहे. पाणी उतरल्यावर पुढचे दोन महिने हा आराखडा तुमच्या गावच्या शेवटच्या नळापर्यंत पोचतो का? मी पाहिलंय ते असं, की बहुतेक वेळा तो तिथं पोचायच्या आधीच थांबतो.

काही गोष्टी गावागावावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. तुमचं गाव पूर्ण बुडतं, की फक्त मळी (नदीकाठची शेतं) आणि खालच्या गल्ल्या बुडतात? पाणी नदीच्या जॅकवेलचं, की विहीर-बोअरचं? नळाला रोज पाणी येतं, की दिवसाआड? आरोग्य केंद्राचा रस्ता पुरात तुटतो का? दोन शेजारच्या गावांची उत्तरंसुद्धा वेगळी येतात. म्हणून मी सांगतोय ते तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू पडेल असं धरू नका. त्यामागचं कारण समजून घ्या आणि गावाला बसवून बघा.

आपल्याकडचा प्रत्येक पूर हवामान बदलामुळंच आला असं मी म्हणणार नाही. १९८९ आणि २००५ च्या पुराच्या खुणा जुनी माणसं आजही भिंतीवर दाखवतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ राहणाऱ्या माणसाला पाणी नवीन नाही. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते बाष्प थोड्या दिवसांत जोरानं कोसळतं, हे भौतिकशास्त्र आहे. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला ती ५५ फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांत २०२१ ला ५६ फुटांच्या आसपास पोचली. शंभर वर्षांत एकदा येईल असं गृहीत धरून लाल पूररेषा आखतात. असा पूर दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा दारात आला, तर आरोग्याची तयारी जुन्या गृहीतकांवर ठेवून चालणार नाही. मला एवढंच पुरेसं वाटतं. कुठल्या पुरात हवामान बदलाचा वाटा किती, हे शास्त्रज्ञ ठरवतील. त्यासाठी तुम्ही थांबायचं कारण नाही.

आता सरकार काय चांगलं करतं ते सांगतो, कारण तेही खरं आहे. माणसं बाहेर काढणं आपल्या जिल्ह्याला आता बऱ्यापैकी जमतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, बंधाऱ्यावर किती फूट झालं, हे घराघरात कळतं. २०१९ ला लोक पाणी उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर थांबले होते. २०२१ ला माझ्या भागातली बरीच माणसं आणि जनावरं आधीच हलली. पावसाळ्यापूर्वी आरोग्यसेविका गरोदर बायांची यादी करते. जिची तारीख जुलै-ऑगस्टमधली आहे तिला पाणी यायच्या आधी नातेवाइकांकडं किंवा दवाखान्याजवळ हलवतात. संपर्क तुटणाऱ्या गावांत आधीच औषधं पोचवतात. सर्पदंशावरचं प्रतिविष आरोग्य केंद्रात ठेवतात, कारण पुरात नाग, घोणस, मण्यार सगळे कोरड्या जागेच्या शोधात घरात येतात. या कामाचं श्रेय द्यायलाच हवं. आशाताई आणि आरोग्यसेविका हे सगळं स्वतःच्या घरात पाणी असतानाही करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अडचण पुढं आहे. सरकारची सगळी धावपळ पाण्याच्या पातळीबरोबर चढते आणि पातळीबरोबरच उतरते. आजार मात्र पाणी उतरल्यावर चढायला लागतात. प्रत्येकाचं आपलं वेळापत्रक असतं. हगवण-उलट्या दूषित पाणी पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाचेक दिवसांत दिसतात. त्या वेळी छावणीत डॉक्टर असतो, त्यामुळं त्या सापडतात. लेप्टोचा ताप चिखलात वावरल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे माणूस घरी जाऊन गोठा साफ करून झाल्यावर. डेंग्यूच्या डासाची अळी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांचा. मग त्या डासात विषाणू तयार व्हायला आणखी आठवडाभर तरी लागतो, आणि चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. ऊबदार हवेत डासाची आणि त्यातल्या विषाणूची वाढ आणखी लवकर होते. काविळीचं तर विचारू नका. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई १५ ते ६० दिवस शरीरात दबा धरून बसते. पंधरा दिवसांत छावण्या उठतात, वैद्यकीय पथकं परत जातात, आणि कावीळ महिना-दीड महिन्यानं उगवते. तेव्हा तिचा पुराशी संबंध लावायलाही कुणी नसतं.

इचलकरंजीनं २०१२ ला काविळीची साथ भोगली. त्या वर्षी कुठला महापूर नव्हता. पाण्याच्या वितरणात घाण मिसळली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं. पूर हेच काम एका रात्रीत शेकडो ठिकाणी करतो.

एका गावातला प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, कारण अशी गावं पुष्कळ आहेत. २०१९ चा पूर ओसरून महिना झाला होता. पितृपंधरवडा चालू होता. नदीकडच्या वस्तीतून पाठोपाठ काविळीचे चार रुग्ण आले, त्यातली एक सात महिन्यांची गरोदर. हिपॅटायटिस ई इतरांना बहुतेक वेळा सोडून देते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईच्या ती जिवावर उठते. शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. मी गावात गेलो. ग्रामपंचायतीची वही बघितली, तर रोजची ओटी टेस्ट 'होकारार्थी'. म्हणजे पाण्यात क्लोरिन आहे. जलसुरक्षकाला (गावचं पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या माणसाला) घेऊन टाकीपाशी गेलो. क्लोरोस्कोपच्या नळीत पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले, दहा सेकंदांत गडद पिवळं झालं. ग्रामपंचायतीच्या दारातल्या नळाचं पाणीही पिवळं. मग वस्तीतल्या शेवटच्या नळावर गेलो. थेंब टाकले, नळी उजेडाला धरली. पाणी होतं तसंच, पांढरं स्वच्छ. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तिथल्या बायका त्याच पाण्याच्या घागरी भरत होत्या.

वही खोटी नव्हती. रोजची तपासणी खरोखर होत होती, फक्त ती ऑफिसशेजारच्या नळावर होत होती. आम्ही लाइन धरून चालत गेलो. एके ठिकाणी पाइप गटारीखालून गेला होता. पुरानंतर गाळ काढायला आलेल्या जेसीबीचा दात बसून त्याचा जॉइंट सुटला होता. नळाला दिवसाआड तासभर पाणी यायचं. बाकीचा वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप आजूबाजूचं पाणी आत ओढतो. पाणी सुटलं की आधी गटारीतलं, मग टाकीतलं पाणी वस्तीत पोचत होतं, आणि टाकीतून निघालेलं क्लोरिन त्या घाणीशी लढण्यातच संपून जात होतं. त्या बाईला वेळेत जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवता आलं, आणि ती व बाळ दोघंही वाचले. जॉइंट दुरुस्त करायला दोन तास लागले. तो आधी सापडला असता तर एवढं घडलंच नसतं, ही गोष्ट मला आजही बोचते.

म्हणून ताई, पहिली मागणी तुमच्याच ग्रामपंचायतीकडं करा : ओटी टेस्ट शेवटच्या नळावर. टाकीपासून सगळ्यांत लांबचा नळ, गटारीजवळचा नळ, खालच्या वस्तीचा नळ. तिथं क्लोरिन ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) असलं तर वरच्या सगळ्यांकडं असणारच. पूर, साथ किंवा पाइप फुटल्यावर ते ०.५ पर्यंत ठेवायचं. पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एकदा आणि शेवटी एकदा तपासा, कारण घाण असते ती पहिल्या लोटात.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं छोट्या चुकीची किंमत मोठी असते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं. पोतं ओलीत ठेवलं, तोंड उघडं राहिलं, ऊन लागलं की ते उडून जातं. पुराच्या काळात पोती बहुतेक वेळा शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर पंपघराच्या ओल्या फरशीवर पडलेली असतात. २० टक्क्यांखालची पावडर वापरायची नाही. तिचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतो, तो पावसाळ्याआधी पाठवा. एरवी हजार लिटरला पाच ग्रॅम. म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पुरानंतर दुप्पट लागू शकते, ते शेवटच्या नळाची टेस्ट सांगेल. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची, आणि अर्धा तास ते तासभर थांबून मगच पाणी सोडायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळातच खर्च होतं आणि जंतू तसेच राहतात. कोल्हापूर शहरात २०१९ आणि २०२१ ला शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीचे पंप पाण्याखाली गेले, नळ बंद पडले आणि आठवडाभराहून जास्त काळ टँकरवर भागवावं लागलं. टँकरचं पाणीही असंच तपासायचं असतं, टँकरच्या तोटीवर.

या सगळ्याला सरकारी चौकट आधीपासून आहे, आणि ती तुमच्या हातात आहे. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला, आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. पुष्कळ गावांत हिरवं कार्ड मिळालं की फोटो काढतात आणि विषय संपतो. तुम्ही तसं करू नका. सर्वेक्षणाला आरोग्यसेवक येतील तेव्हा सोबत चाला. कुठला व्हॉल्व्ह गटारीत आहे, कुठली लाइन पुराच्या पातळीखाली आहे, हे त्यांच्या वहीत लिहून घ्या. पिवळं कार्ड मिळालं तर वाईट वाटून घेऊ नका. पिवळ्या कार्डामुळं दुरुस्तीला पैसे मागायला आधार मिळतो. वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी मिळतो. त्यात ओटीची बाटली, क्लोरोस्कोप, मेडिक्लोर (घरच्या पाण्यात टाकायचं क्लोरिनचं द्रावण) अशा लहान गोष्टी आरामात बसतात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं आहे. तुमच्या गावातल्या पाच कोण, हे आजच विचारा. त्यातली एक तरी खालच्या वस्तीतली हवी.

जिल्ह्याकडं मागायची गोष्ट वेगळी आणि थोडी मोठी आहे. पूर ओसरल्यापासून ६० दिवसांचं आरोग्य वेळापत्रक मागा. पथक कधी येणार, ताप सर्वेक्षण कुठल्या आठवड्यात, अळी सर्वेक्षण कुठल्या, काविळीसाठी दुसरी फेरी कधी, सगळं तारखेसह. आधी सांगितलेले दिवस डोळ्यांसमोर ठेवलेत तर हे वेळापत्रक कसं असावं ते तुम्हालाच जमेल. हे ऑगस्टमध्ये मागून मिळत नाही. तेव्हा सगळे बोटीत असतात. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करा, तालुक्याच्या मान्सूनपूर्व बैठकीत तो मांडा, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहीनं उत्तर घ्या. तोंडी 'बघतो'वर परत येऊ नका.

दुसरं, आरोग्य केंद्राची इमारत. उपकेंद्र किंवा आरोग्य केंद्र पूररेषेच्या आत असेल तर लसींचा फ्रीज, औषधसाठा आणि जनरेटर कुठं हलवायचा हे आधी ठरलेलं हवं. एका वर्षी मी आणि शिपाई छातीएवढ्या पाण्यातून लसीचे डबे डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर गेलो होतो. वीज चार दिवस नव्हती, त्यामुळं निम्मी लस शेवटी फेकावीच लागली. हवामानाला तोंड देऊ शकतील अशी आरोग्य केंद्रं उभी करणं, त्यांना सौरऊर्जा देणं, हे त्या राष्ट्रीय कार्यक्रमातच लिहिलंय. पैशासाठी आणखी एक वाट आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा केवळ आपत्तीची झळ आधीच कमी करण्याच्या कामांसाठी बाजूला ठेवला. म्हणजे आपत्ती आल्यावर वाटायचा पैसा आणि येण्याआधी खर्चायचा पैसा वेगळा धरण्याचं तत्त्व सरकारनं मान्य केलेलं आहे. ग्रामपंचायतीनं थेट अर्ज करून तो मिळत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून प्रस्ताव जावा लागतो. पण गावाचा ठरावच नसेल तर तो जाणार कसा?

तिसरी गोष्ट मोजणीची. सरकार मोजतं त्यालाच उत्तर देतं. आशाताई आणि आरोग्यसेविका संशयित रुग्ण एस फॉर्ममध्ये भरतात, डॉक्टर पी फॉर्ममध्ये, प्रयोगशाळा एल फॉर्ममध्ये. हे आता ऑनलाइन जातं. एखाद्या गावात अचानक ताप वाढला की जिल्ह्याला दिसायला हवं, यासाठी ही व्यवस्था २००४ पासून उभी केली आहे. पण आपल्याकडं ताप आला की माणूस आधी गावातल्या किंवा बाजारपेठेतल्या खासगी डॉक्टरकडं जातो. सलाइन लावतो, बरा होतो, आणि त्याची नोंद बहुतेक वेळा होतच नाही. मग कागदावर गाव ठणठणीत. तुम्ही सदस्य आहात, गावातल्या दोन-तीन खासगी डॉक्टरांशी तुमचे संबंध असतील. पुरानंतरचे दोन महिने त्यांनी आठवड्यातून एकदा फक्त आकडे आशाताईंना सांगावेत : ताप किती, जुलाब किती, डोळे पिवळे किती. नावंही नकोत. हे एक काम केलंत तर जिल्ह्याला साथ पंधरा दिवस आधी कळेल. मी माझ्या वेळी दोन गावांत हे करून पाहिलं, आणि दोन्हीकडं डॉक्टरांनी आनंदानं साथ दिली.

डेंग्यूबद्दल फार लिहीत नाही, कारण आठवड्यातून एक कोरडा दिवस हे सगळ्यांना पाठ आहे. फक्त एक लक्षात ठेवा. बॅरल नुसतं उपडं करून भागत नाही. डासाची अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी असली तरी महिनोनमहिने जगतात. ते काथ्यानं नाहीतर ब्रशनं घासूनच काढायचं. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात प्रत्येक घरात तीन-चार बॅरल असतात. म्हणजे डेंग्यूचं मूळही पुन्हा पाणीपुरवठ्यातच निघतं.

आता उन्हाचं, कारण हवामान बदल म्हटलं की आपण कोल्हापूरकर फक्त पूर बघतो. भारतात उष्णतेचा पहिला कृती आराखडा अहमदाबादनं २०१३ ला केला. आधी २०१० च्या मे महिन्यात तिथं उन्हानं खूप माणसं गेली होती. आता राज्यांकडं आणि जिल्ह्यांकडंही असे आराखडे आहेत, आणि उन्हाळ्यात उष्माघाताची रोजची नोंद होते. पण हवामान खात्याचा निकष असा, की मैदानी भागात तापमान किमान ४० अंशांना पोचलं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेलं तर उष्णतेची लाट धरतात. कोल्हापूरचा पारा ४० ला क्वचित टेकतो. म्हणजे आपल्याकडं इशारा सहसा निघतच नाही. तरी एप्रिलमध्ये ३८ अंश, वळवाआधीची दमट हवा, आणि इचलकरंजीतल्या बंद लूमच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून राखलेला ओलावा. तिथं बारा तास उभ्या माणसाच्या अंगावरचा घाम वाळतच नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढच्या माणसाचं तेच, ऊसतोडीला आलेल्या बायकांचंही तेच. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मोठ्या कार्यक्रमात उन्हानं माणसं गेली. त्यानंतर दुपारच्या उघड्यावरच्या कार्यक्रमांवर बंधनं आली, हे योग्यच झालं. पण शेडच्या आतलं ऊन कुठल्याच इशाऱ्यात येत नाही.

जिल्ह्याच्या आराखड्यात कोल्हापूरचा स्वतःचा उंबरठा हवा, पारा आणि दमटपणा दोन्ही धरून, असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईपर्यंत गावात करण्यासारखं आहे. रोजगार हमीची कामं आणि ऊसतोड सकाळी लवकर. फडावर सावली आणि पिण्याचं पाणी. अंगणवाडीत आणि दुकानात ओआरएस. आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, अंग तापलंय, तर गाडीची वाट बघत बसायचं नाही. आधी सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, मग दवाखाना. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

तुम्ही वाचलं असेल, २०२३ च्या डिसेंबरमध्ये दुबईच्या हवामान परिषदेत शंभरहून जास्त देशांनी हवामान आणि आरोग्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि भारतानं केली नाही. यावर मला लोक विचारतात. रुग्णालयातल्या शीतकरणासारख्या गोष्टींवर उत्सर्जनाची बंधनं आली तर वाढत्या गरजा भागवणं अवघड होईल, अशी भारताची भूमिका होती. सही असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. तरी शिरोळमधल्या कावीळ-डेंग्यूला लागणारे कायदे आणि यंत्रणा आपल्याकडं आहेत. त्यांना एप्रिल-मेमध्ये जागं करणारं माणूस गावात हवं.

पुन्हा एकदा थोडक्यात : ओटी टेस्ट शेवटच्या नळावर, १ मेच्या ग्रामसभेत ६० दिवसांच्या वेळापत्रकाचा ठराव, आरोग्य केंद्राच्या साठ्याची उंचावरची जागा आणि खासगी डॉक्टरांचे आठवड्याचे आकडे. एका वर्षात चारही झाले नाहीत तर पहिलं तरी करा.

आता गोळ्यांचं. लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन देतात. पुराच्या पाण्यात, चिखलात, गोठ्यात सतत काम करणाऱ्या मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि डॉक्टरनं बघितल्यावर. घरी डबा भरून ठेवून सगळ्यांना वाटू नका. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ही गोळी देत नाहीत, आणि पुराच्या गडबडीत नेमकी त्यांनाच दिली गेल्याचं मी पाहिलंय. तुम्ही यादी करा : तुमच्या वॉर्डात म्हशी किती घरांत आहेत, आणि पाणी उतरल्यावर गोठा कोण साफ करणार. ती नावं आरोग्यसेविकेला आधीच द्या, म्हणजे गोळ्या त्या घरांना पहिल्यांदा जातील. गोठ्यात उतरताना पायात गमबूट, आणि पायाला चीर असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी उतरवा. आणि गोळी घेतली असली तरी पुढच्या दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन 'मी पुराच्या पाण्यात होतो' हे वाक्य पहिल्यांदा सांगायचं.